जामखेड दोनदा

नगर जिल्ह्यात तालुके किती? शाळेतलं पोरगंही सांगेल, १४. अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, नगर, राहुरी, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड. (२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. आमच्या तोंडून अजून 'नगर'च निघतं, तेवढं सांभाळून घ्या. नावबदलाचा विषय पुढे येणारच आहे, पण वेगळ्याच कारणानं.)

आता ही १४ नावं एका फाइलमध्ये ओळीला एक याप्रमाणे लिहा. शेवटच्या ओळीनंतरही एंटर दाबा. मग सी शिकलेल्या एखाद्या पोराला सांगा, बाबा रे, ही फाइल वाचून स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम लिही. दहा मिनिटांत लिहून देईल. प्रोग्राम चालेल, लाल अक्षरात एकही चूक दिसणार नाही, आणि फार शक्यता अशी की स्क्रीनवर १५ तालुके येतील. जामखेड दोनदा.

हा पंधरावा तालुका आमच्याकडे गेली कित्येक वर्षं शिकवला जातोय. जर्नलमध्ये लिहिला जातो, त्यावर सही होते, तोंडी परीक्षेत विचारला जातो, त्याला मार्क मिळतात. माझं भांडण त्याच्याशी आहे.

ज्यांचा सीशी कधी संबंध आला नाही त्यांनी लगेच पान बंद करू नका. विषय कॉम्प्युटरचा असला तरी दुखणं कॉम्प्युटरचं नाही.

सीमध्ये फाइल वाचताना ती सगळी एकदम हातात येत नाही. ती प्रवाहासारखी वाहत येते, म्हणून तिला स्ट्रीम म्हणतात. आपण एक अक्षर मागायचं, एक ओळ मागायची, किंवा एक आकडा मागायचा. मिळेल तेवढं मिळतं. फाइल संपली का हे विचारण्यासाठी एफईओएफ नावाचं एक फंक्शन आहे. आमची पोरं काय लिहितात? 'जोवर एफईओएफ खरं होत नाही तोवर: पुढचं वाच, छाप.' वाचायला किती सरळ वाटतं! मराठीतही सरळ, इंग्रजीतही सरळ. आणि तरी चूक.

चूक का? एफईओएफ 'पुढे काही आहे का' हे सांगतच नाही. ते फक्त मागचं सांगतं: 'याआधी तू वाचायला गेलास तेव्हा शेवटाला धडकलास का?' घरातल्या धान्याच्या कोठीचं उदाहरण घ्या. आत अंधार आहे, दिसत काही नाही. १४ वेळा मापटं भरून काढलं. कोठी रिकामी झाली का? तुम्हाला ठाऊक नाही. पंधराव्यांदा हात घातला, मापटं तळाला खरवडलं, तेव्हा कळलं. आता शहाणा माणूस काय करतो? रिकामं मापटं बघतो आणि बाजूला ठेवतो. आमचा प्रोग्राम ते मापटं न बघताच पोत्यात ओततो आणि मोजणीत एक वाढवतो. वाचायला गेल्यावर काहीच आलं नाही, म्हणून डब्यात आधीचंच 'जामखेड' पडून होतं, तेच पुन्हा छापलं. इतकी साधी गोष्ट आहे.

गंमत बघा, शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबला नसेल तर हाच प्रोग्राम बरोबर चालतो! कारण 'जामखेड' वाचता वाचताच तो शेवटाला धडकतो आणि एफईओएफ वेळेवर खरं होतं. म्हणजे वर्गातल्या निम्म्या पोरांचं उत्तर १४ आणि निम्म्यांचं १५. ज्यांचं १५ येतं ती काय करतात? शेजारच्याची फाइल पेनड्राइव्हवर घेतात आणि जर्नल पूर्ण करतात. चूक तशीच राहते.

योग्य रीत काय? आधी वाच, मग आलं का ते बघ, मगच वापर. वाचणारं प्रत्येक फंक्शन परत येताना काहीतरी सांगत असतं. ओळ वाचणारं एफगेटएस काही मिळालं नाही की नल देतं. अक्षर वाचणारं एफगेटसी ईओएफ देतं. एफस्कॅनएफ तर किती गोष्टी भरल्या त्याचा आकडा देतं. तीन मागितल्या असतील तर तीन आल्या का हे बघायचं. लूप या उत्तरावर चालवायचा. लूप थांबल्यावर मग एफईओएफला विचारायचं, 'बाबा, फाइल संपली म्हणून थांबलो, की डिस्कनं दगा दिला म्हणून?' एफईओएफचं खरं काम एवढंच. हे काही नवं ज्ञान नाही. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात असाच लूप आहे. आधी घे, ईओएफशी ताडून बघ, मग वापर. ज्याच्या हातून ही भाषा घडली त्यानंच पहिल्या काही पानांत लिहून ठेवलेली गोष्ट आपण आजही उलटी शिकवतो.

मग हा उलटा लूप आला कुठून? माझ्या मते एक वाट पास्कलची. त्या भाषेतही फाइल संपली का हे विचारण्याची सोय आहे, पण तिथे उत्तर पुढे डोकावून दिलं जातं. त्यामुळे 'संपली नाही तोवर वाच' हे पास्कलमध्ये अगदी बरोबर. सवय तिकडून आली, भाषा बदलली, सवय बदलली नाही. दुसरी वाट म्हणजे झेरॉक्स. एका सरांच्या वहीतून दुसऱ्या सरांच्या वहीत, तिथून फळ्यावर, फळ्यावरून जर्नलमध्ये, आणि त्या जर्नलमधून दहा वर्षांनी पुन्हा फळ्यावर. कारण जर्नल लिहिणारा पोरगाच आता सर झालेला असतो.

आणि तिसरं कारण म्हणजे आपलं लाडकं टर्बो सी. बोरलँड कंपनीनं ते १९८७ मध्ये काढलं. त्या काळी ते खरोखर भारी होतं, त्याबद्दल वाद नाही. निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं, आमच्या पिढीला आजही ती बघितली की बरं वाटतं. पण ते १६ बिटांच्या डॉसचं आहे. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते सरळ चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स नावाचा खोटा डॉस उभा करून त्यात ते चालवतात. म्हणजे पोरगं २१व्या शतकातला लॅपटॉप उघडतं, त्यात ८०च्या दशकातलं मशीन नाटकात उभं केल्यासारखं उभं करतं आणि त्यावर सी शिकतं!

हे नुसतं जुनं असतं तर माझी तक्रार नव्हती. ते चुका झाकतं, ही तक्रार आहे. तोच उलटा लूप अक्षर-अक्षर वाचण्यासाठी लिहिला की शेवटी एक जास्तीचं अक्षर छापलं जातं, क्रमांक २५५ चं. डॉसच्या मूळच्या अक्षरतक्त्यात २५५ म्हणजे कोरी जागा. दिसणारच नाही! चूक झाली, छापलीही गेली, आणि स्क्रीनवर काहीच नाही. तोच प्रोग्राम लिनक्सवर चालवा, शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन नाहीतर ठोकळा येऊन बसतो. मग पोरगं म्हणतं, 'लिनक्स बिघडलंय.'

दुसरं बघा. फाइल उघडलीच नाही, तर एफओपन नल देतं. ते तपासायला हवं. न तपासता पुढे गेलं तर आजच्या मशीनवर प्रोग्राम तिथल्या तिथे आडवा होतो आणि पोराला कळतं की चुकलं. टर्बो सीमध्ये तो बऱ्याचदा हसत-खेळत पुढे जातो. नलच्या पत्त्यावर काही लिहिलं गेलं तर प्रोग्राम संपता संपता 'नल पॉइंटर असाइनमेंट' अशी एक ओळ येते. ही ओळ माझ्या पिढीतल्या प्रत्येकानं बघितली आहे. आणि ती का येते हे सांगणारे शिक्षक मी एका हाताच्या बोटांवर मोजेन. 'ते येतंच, लक्ष देऊ नको,' हे आमचं अधिकृत उत्तर.

फाइल का उघडत नाही याचीही एक मजा. पोरं पत्ता लिहितात: सी ड्राइव्ह, मग उलटी तिरकी रेघ, टीसी, पुन्हा रेघ, बिन, पुन्हा रेघ, नोट्स. सीमध्ये उलट्या रेघेपुढे टी आला की त्याचा टॅब होतो, बी आला की बॅकस्पेस, एन आला की नवी ओळ. म्हणजे एका पत्त्यात तिन्ही सापळे! रेघ दोनदा द्यायची असते, बस्स. पण नल तपासायचं शिकवलेलंच नाही, मग कळणार कसं की फाइल उघडलीच नाही?

दिवाळीत भाचा घरी आला होता. तो जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात आहे. जर्नल पूर्ण करत बसला होता. मी सहज वाकून बघितलं, प्रॅक्टिकल 'फाइलची कॉपी करणे'. अक्षर ठेवण्यासाठी 'कॅर' प्रकारचा डबा घेतलेला. मी म्हटलं, "अरे, हा 'इंट' पाहिजे."

"मामा, अक्षरच तर वाचायचंय. अक्षराला कॅर, आकड्याला इंट. सरांनी असंच दिलंय."

"एखादा फोटो घे आणि याच प्रोग्रामनं कॉपी करून बघ."

त्यानं एक जेपीजी फोटो घेतला, फाइल बायनरी मोडमध्ये उघडली, कॉपी केली. कॉपी शून्य बाइटची! पोरगं चक्रावलं. कारण असं, की जेपीजी फाइलचा पहिलाच बाइट २५५ असतो. ईओएफ म्हणजे सहसा उणे एक. त्याच्या मशीनवर 'कॅर' उणे आकडेही ठेवतो, आणि त्यात २५५ कोंबला की तो उणे एक दिसतो. म्हणजे पहिल्याच बाइटला प्रोग्राम म्हणाला, 'संपली फाइल.' मी त्याला म्हटलं, हाच प्रोग्राम मोबाईलवर कंपाइल कर. अँड्रॉइड फोनच्या एआरएम प्रोसेसरवर 'कॅर' उणे आकडे ठेवतच नाही. तिथे २५५ हा २५५च राहतो, उणे एक कधीच होत नाही, आणि प्रोग्राम थांबतच नाही. एक प्रोग्राम, दोन मशीन. एकीकडे सुरू व्हायच्या आत संपला, दुसरीकडे संपतच नाही. 'इंट' लिहिलं असतं तर दोन्हीकडे बरोबर. तीन अक्षरांचा फरक.

भाचा म्हणाला, "भारीये हे! पण मामा, असं लिहिलं तर सर सही देणार नाहीत. जर्नलशी मॅच व्हायला लागतं."

माझं भांडण या वाक्याशी आहे. ते पोराच्या तोंडचं असलं तरी त्याचं नाही, हेही सांगून ठेवतो.

आता कुणी म्हणेल, एक तालुका जास्त छापला गेला, एक अक्षर जास्त आलं, त्यात काय एवढं? ठीक आहे, आपल्या जिल्ह्यातलं अस्सल उदाहरण घेऊ. गावोगाव दूध संकलन केंद्रं आहेत. समजा, एका फाइलमध्ये गावाचं नाव आणि त्या दिवशीचं दूध लिटरमध्ये लिहिलंय, इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. तीनच ओळी घेऊ, आकडे कल्पनेतले. बाभळेश्वर ४१२. लोणी बुद्रुक ३८०. लोणी खुर्द २९५. बेरीज १०८७.

आता आपला जर्नलमधला प्रोग्राम: जोवर एफईओएफ नाही तोवर एफस्कॅनएफनं एक शब्द आणि एक आकडा वाच, बेरजेत मिळव. पहिली ओळ बरोबर. दुसऱ्या ओळीत 'लोणी' हा शब्द आला, पुढे आकडा पाहिजे तर समोर 'बुद्रुक'. एफस्कॅनएफ तिथेच थांबतं आणि सांगतं, 'दोन मागितले होते, एकच मिळाला.' ते उत्तर आपण ऐकतच नाही. आकड्याच्या डब्यात जुना ४१२ पडलेला आहे, तो लोणीच्या नावावर लागतो. पुढच्या फेरीत 'बुद्रुक' हे गावाचं नाव होतं, ३८० त्याचे. मग 'लोणी', पुन्हा ३८०. मग 'खुर्द', २९५. आणि शेवटी आपला जुना मित्र, रिकाम्या मापट्याची फेरी: 'खुर्द', पुन्हा २९५. तीन ओळींच्या सहा झाल्या. बेरीज २१७४. कागद काढा आणि करून बघा, बरोबर दुप्पट! एकही एरर नाही. प्रोग्राम 'चालला'.

आणि आपल्याकडे दोन शब्दांची गावं काय कमी आहेत? राळेगण सिद्धी, हिवरे बाजार, टाकळी ढोकेश्वर, देवळाली प्रवरा. प्रत्येक बुद्रुकला एक खुर्द. परदेशी पुस्तकातलं उदाहरण एका शब्दाच्या नावाचं असतं, ते उचलून आपण आपल्या गावांवर लावतो. मराठीत फाइल लिहिली तर आणखी वेगळं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना-मात्रा-वेलांटी आणि पाय मोडल्याचं चिन्हसुद्धा त्यात धरून. एफगेटसी 'अक्षर' वाचतं असं फळ्यावर लिहिलेलं असतं. ते वाचतं बाइट. आपल्या 'अ'चा एक तृतीयांश तुकडा. आणि '३८०' असे मराठी आकडे लिहिले तर एफस्कॅनएफला तो आकडा वाटतच नाही. मराठी पोरांना सी शिकवताना हे पहिल्या आठवड्यात सांगायला नको का?

आता नावबदल. इंग्रजी स्पेलिंगमध्ये अहमदनगर १० अक्षरी, अहिल्यानगर ११ अक्षरी. सीमध्ये शब्दाच्या शेवटी एक शून्य बाइट लागतो. म्हणजे ज्यानं जिल्ह्याच्या नावासाठी मोजून ११ जागा ठेवल्या, त्याचं २०२४ पर्यंत छान चाललं. नवं नाव आलं की १२ जागा पाहिजेत. एफस्कॅनएफला 'परसेंट एस' म्हणून शब्द वाचायला सांगितलं, किती जागा आहेत ते सांगितलं नाही, तर ते थांबत नाही. बाराव्या जागेत, म्हणजे शेजाऱ्याच्या घरात, तो शून्य टाकून मोकळं होतं. टर्बो सीच्या नेहमीच्या मांडणीत स्ट्रक्चरमधला शेजारी लगेच चिकटून असतो. तिथे जर लिटरचा आकडा ३०० आधीच भरलेला असेल, तर त्याचा खालचा बाइट पुसला जातो आणि ३०० चे २५६ होतात. नाव बदललं जिल्ह्याचं आणि दूध कमी झालं शेतकऱ्याचं! आजचे कंपाइलर बऱ्याचदा अशा जागी एक बाइट मोकळा सोडतात, म्हणून चूक दबून राहते. दबून राहते, जात नाही. आणि मराठीत लिहिलं तर अहमदनगरचे बाइट २१, अहिल्यानगरचे ३०. उपाय एका ओळीचा आहे: किती जागा आहेत ते वाचणाऱ्याला सांगा. एफगेटएसला तर ते सांगावंच लागतं.

'जागा किती ते न सांगणं' किती महाग पडतं याचा जगानं एकदा अनुभव घेतला आहे. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्यानं सोडलेल्या किड्यानं त्या वेळच्या इंटरनेटवरची हजारो मशीन लोळवली. त्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक होती 'गेटएस' हे फंक्शन. ओळ वाचायची, पण डबा केवढा आहे ते विचारायचंच नाही. शेवटी २०११ च्या सी प्रमाणकातून गेटएस काढूनच टाकलं. प्रमाणकातून गेलं, पण झेरॉक्समधून गेलं नाही. आमच्याकडच्या जर्नलांत ते आजही सापडतं.

आता समोरच्यांची बाजू. ती मी बऱ्याचदा ऐकली आहे, म्हणून प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला मुद्दा, 'आता सी कोण वापरतं? पायथन आलं.' आलं, चांगलंच झालं. पण डिप्लोमा, बीसीए, बीएस्सी अशा ठिकाणी सी अजून शिकवतात. आणि ज्या पायथनच्या आधारानं तुम्ही सीला म्हातारी म्हणता, ते नेहमी वापरलं जाणारं पायथन स्वतः सीमध्ये लिहिलेलं आहे. लिनक्सचा गाभा सीमध्ये. तुमच्या फोनमधलं एसक्यूलाइट सीमध्ये. शिवाय पायथनमध्ये एकेक ओळ मागितली तर शेवटी रिकामा शब्द मिळतो, म्हणजे तिथेही नियम तोच: आधी घे, मग काय आलं ते बघ. ही सवय भाषेची नसून हिशोबाची आहे.

दुसरा मुद्दा, 'परीक्षेत असंच विचारतात, पेपर तपासणारा वेगळं उत्तर कापतो.' हा मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच संताप येतो. पेपर तपासणाऱ्यासमोर मशीन नसतं. कागदावरचा प्रोग्राम कागदावरच्या प्रोग्रामशी जुळवून बघायचा. या पद्धतीत बरोबर लिहिणाऱ्याला धोका आणि चुकीचं घोकणाऱ्याला संरक्षण. हे एकट्या सरांच्या हातात नाही, मान्य. पण प्रॅक्टिकलची सही तर त्यांच्या हातात आहे ना?

तिसरा मुद्दा हळू आवाजात सांगितला जातो आणि मला सगळ्यात जास्त टोचतो. 'खेड्यातली पोरं आहेत हो. मराठी माध्यमातून आलेली. आधी प्रोग्राम चालू तर दे, बरोबर-चूक नंतर बघू.' म्हणजे काय? जामखेड-पाथर्डीच्या पोराला पंधरावा तालुका चालतो आणि पुण्या-मुंबईच्या पोराला १४च पाहिजेत? कोठीचं उदाहरण शहरातल्या पोरापेक्षा खेड्यातल्या पोराला लवकर कळतं. मापटं त्यानं हातात धरलेलं असतं. दूध घालताना काट्यावरचा आकडा स्वतः वाकून बघणाऱ्या घरातली ही पोरं. त्यांची आई पावतीवरचा आकडा दोनदा वाचते. 'आलं का ते बघ, मगच पुढे जा' हे त्यांना घरातून मिळालेलं असतं आणि आपण कॉलेजात ते विसरायला लावतो!

१९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. त्याच वर्षी लोणी, संगमनेर आणि कोपरगावला साखर कारखान्यांच्या परिसरात कॉलेजं उभी राहिली. ज्या घरांत याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं त्या घरांतून इंजिनिअर निघाले. त्या कॉलेजांनी काय दिलं याची यादी मोठी आहे, आणि मी इथे कुण्या एका कॉलेजवर बोट ठेवत नाहीये. हा लूप नगरचा नाही, साऱ्या देशाचा आहे. पण त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. शहरातलं पोरगं इंटरनेटवर, क्लासमध्ये, मोठ्या भावाकडून चूक सुधारून घेतं. आमच्याकडच्या पोराला बऱ्याचदा फळा हाच एक आधार असतो. पुण्यात मी नव्या पोरांच्या मुलाखती घेतो. तिथे 'ही फाइल वाच' हा प्रश्न विचारला की पोरगं आत्मविश्वासानं जर्नल ओततं. पुढचा विचारतो, "शेवटची ओळ दोनदा का आली?" आणि पोरगं गप्प. त्याच्या डोळ्यांत जे येतं ते मला बघवत नाही. त्यानं अभ्यास केलेला असतो हो! मन लावून केलेला असतो. त्याला दिलेलं मापच खोटं होतं.

म्हणून मागणी मोठी नाही. अभ्यासक्रम बदलायला समिती नको, निधी नको. डॉसबॉक्स काढा, जीसीसी फुकट मिळतं ते घाला आणि सगळे इशारे चालू ठेवा. फाइलच्या प्रॅक्टिकलला सही देण्याआधी चार फाइली द्या: एक शेवटी एंटर असलेली, एक नसलेली, एक पूर्ण रिकामी आणि एक मुळात नसलेलीच. पाचवी द्यायची असेल तर बुद्रुक-खुर्दची. चारही ठिकाणी प्रोग्राम खरं बोलला तर सही, नाहीतर पुन्हा बस. एका तासाचं काम आहे. आणि एखाद्या पोरानं जर्नलपेक्षा वेगळं लिहिलं, तर खोडण्याआधी एकदा चालवून बघा.

कुणी सर हे वाचत असतील आणि मी अतिशयोक्ती करतोय असं वाटत असेल, तर वाद घालू नका. उद्या लॅबमध्ये १४ ओळींची फाइल करा, एंटर दाबा आणि मोजा.